माशांच्या तोंडी न लागणारी झाडं

आठवडी बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत गोल्डफिशची जोडी घरी येते, सोबत दुकानदार हिरव्या झाडाची एखादी जुडी देतो. आठवडा जात नाही तोच पानं गायब होतात, उघड्या काड्या पाण्यावर तरंगू लागतात आणि घरातलं कुणीतरी निकाल देतं, "आपलं पाणीच खारं, झाड कुठून जगणार?" खरं तर पाण्याचा दोष क्वचितच असतो. मासा झाड खाणारा होता आणि झाडही खाण्याजोगंच होतं, एवढंच.

गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला मासा. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. पान तोंडात ओढायचं, घशातल्या दातांनी भरडायचं आणि थेट आतड्यात ढकलायचं, कारण या कुळाला जठरच नाही. पोटात अन्न साठवून निवांत बसण्याची सोय नसल्यामुळे तो दिवसभर चरत असतो. तळाशी त्याला नीट पाहावं. तोंडभर वाळू उचलतो, क्षणभर घोळवतो, खाण्याजोगं ठेवून बाकीची थुंकतो आणि बोटभर पुढे सरकून पुन्हा तेच. नुकतं लावलेलं रोप या उकराउकरीत मुळासकट वर येतं, मग ते खाण्याचा त्याचा विचार असो वा नसो.

सगळेच मासे एकाच तऱ्हेने नासधूस करत नाहीत. ऑस्कर आणि फ्लॉवर हॉर्न झाड खायला जात नाहीत, पण अंडी घालायचे दिवस आले की खड्डे खणतात आणि आड येणारं झाड उपटून बाजूला टाकतात. सिल्व्हर डॉलर हा पिरान्हाचा नातलग, मात्र पक्का शाकाहारी. सकर मासा काच चाटून साफ करतो म्हणून आणला जातो, आणि मोठा झाला की रुंद पानांवरही तेच करतो. पान जागोजागी जाळीदार होतं. त्यामुळे "टिकाऊ झाड कोणतं?" हे दुकानात विचारण्याआधी आपला मासा खातो, खणतो की खरवडतो ते बघायला हवं.

झाडांची बाजूही समजून घेतली पाहिजे. फिलिस कोली, जॉन ब्रायंट आणि टेरी चॅपिन या शास्त्रज्ञांनी १९८५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक विचार मांडला. ज्या झाडाला भरपूर प्रकाश आणि पोषण मिळतं ते झपाट्याने वाढतं, आणि चार पानं खाल्ली गेली तरी त्याचं फारसं बिघडत नाही. जिथे हे सगळं तुटपुंजं, तिथलं झाड सावकाश वाढतं. त्याला एकेक पान महाग पडतं, म्हणून ते पानाच्या राखणीवर खर्च करतं: जाड साल, चिवट धागे, कडू किंवा टोचणारी द्रव्यं. हा विचार जमिनीवरच्या झाडांवरून आला, पण फिश टँकसाठी झाड निवडताना मला तो दुकानातल्या कुठल्याही यादीपेक्षा कामाचा वाटतो.

झपाट्याने वाढणाऱ्यांचा नमुना बघायचा तर भंडारा-गोंदियाकडचा कुठलाही मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव बघावा. पाण्याखाली हायड्रिला माजलेली असते. लोक तिला सरसकट शेवाळच म्हणतात. ती आवरायला तलावात गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, सोडतात. हा मासा भारतात १९५९ साली आणला गेला. तो कोवळ्या हायड्रिलावर तुटून पडतो आणि जलपर्णीला सहसा तोंड लावत नाही. आता हीच हायड्रिला दोन फुटी टँकमध्ये गोल्डफिशसोबत ठेवली तर काय होणार हे सांगायला नको. तलावात ती टिकते, कारण तिथे खाणाऱ्याच्या तोंडापेक्षा तिची वाढ मोठी असते.

राखणीवाल्या झाडांत पहिला मान अनुबियासचा. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, ओढ्यांच्या काठच्या सावलीत खडकांना धरून वाढणारं. कूळ मात्र आपल्या ओळखीचं, धोप्याचं, म्हणजे अळूचं! धोप्याच्या वडीला चिंच कमी पडली की घसा का खवखवतो? पानातल्या काही पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांच्या जुड्या भरलेल्या असतात. पान चावलं की पेशी फुटतात आणि सुया तोंडाच्या आतल्या मऊ कातडीत घुसतात. अनुबियासच्या पानातही ऑक्झलेटचे स्फटिक असतात, शिवाय पान चामड्यासारखं जाड. मासा एकदा चावून बघतो, सोडून देतो आणि बहुधा पुन्हा त्या वाटेला जात नाही. सिल्व्हर डॉलरसारखा हट्टी मासा नवं कोवळं पान खातो तेवढं खरं. शंभर टक्के हमी कुठल्याच झाडाची नाही.

अनुबियास मरतं ते बहुतेक वेळा माणसाच्या हातून. त्याचं आलं-हळदीच्या गड्ड्यासारखं आडवं खोड आपण सवयीने वाळूत पुरतो, ते आतून कुजतं आणि पानं एकेक करून सुटतात. खोड उघडंच राहिलं पाहिजे. ते दगडावर ठेवून साध्या सुती दोऱ्याने बांधावं. दोरा कुजेपर्यंत मुळांनी दगड धरलेला असतो. इथे खणणाऱ्या माशांचाही प्रश्न सुटतो, कारण झाड वाळूत नाहीच, तर उपटणार काय? दगड मात्र पारखून घ्यावा. पश्चिम विदर्भातला काळा बेसाल्ट उत्तम. वणी-कोरपना भागातला चुनखडक टाळावा, तो पाण्यात हळूहळू विरघळून क्षार वाढवतो. संशय आला तर दगडावर लिंबू पिळावं, फेस आला की तो दगड परत बांधावर.

जावा फर्नही असंच बांधून लावायचं. त्याच्या जुन्या पानाच्या कडेला इवलं रोप फुटतं, मुळासकट. ते खुडून दुसऱ्या दगडाला बांधलं की नवं झाड तयार, पुन्हा दुकानात जायचं काम नाही. दोघांनाही उजेड कमी लागतो. उलट तेज दिवा लावला की सावकाश वाढणाऱ्या पानांवर काळपट शेवाळ बसतं आणि मग तक्रार येते की झाड खराब निघालं.

आता खाऱ्या पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलडाणा-अमरावतीकडे, बोअरचं पाणी जड. अशा पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड थोडा आणि बायकार्बोनेट जास्त असतं. बरीच पाणझाडं फक्त कार्बन डायऑक्साइडच वापरू शकतात. व्हॅलिस्नेरिया हे लांब पट्ट्यांसारख्या पानांचं, आपल्या तलावांतही आढळणारं झाड बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतं, म्हणून जड पाण्यात ते खुशाल वाढतं. पानं गोल्डफिश कुरतडतो, पण वाळूखालून धुमारे पसरत राहतात. ते मातीच्या छोट्या कुंडीत लावून वर माशाच्या तोंडात न मावतील असे गोटे घालावेत. मुळं धरेपर्यंत पंधरा-वीस दिवस मासे दुसरीकडे ठेवता आले तर फारच बरं. तलावातून आणायचं असेल तर कपाशीच्या फवारणीचं पाणी उतरतं तिथलं घेऊ नये. आणल्यावर जळवा, गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या निवडून काढाव्यात. ही अळी लहान मासे खाते.

फुकटचा एक उपाय दुकानदार सहसा सांगत नाही: मनी प्लँट. तोही धोप्याच्याच कुळातला. वेल टँकच्या कडेवर आणि मुळं पाण्यात. पानं माशांच्या आवाक्याबाहेर राहतात आणि मुळं माशांच्या विष्ठेतून तयार होणारं नायट्रेट शोषतात. मुळं थोडी कुरतडली गेली तरी वेलाचं अडत नाही. माशांना हिरवं हवंच असतं, त्यासाठी अंगणात एका टबात हायड्रिला वाढवावी आणि अधूनमधून मूठभर टाकावी, किंवा उकडलेला पालक द्यावा. भरल्या पोटीही गोल्डफिश चरतोच, पण जरा सबुरीने.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात. त्यात लाइट गेली, हवेचा पंप थांबला की दाट झाडीच्या टँकमध्ये पहाटे मासे हवेसाठी वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. म्हणून उन्हाळ्यात टबातली हायड्रिला टँकमध्ये भरू नये. पाणी बरेच दिवस ३० अंशांच्या वर राहिलं की जावा फर्न काळं पडतं, व्हॅलिस्नेरिया त्या मानाने सोशीक. टँक कूलरच्या खोलीत हलवावा आणि अर्धाच भरलेला ठेवू नये. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. वरून बोअरचं पाणी ओतत राहिलं तर ते साठत जातात. तेव्हा निव्वळ भर घालण्यापेक्षा आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून तेवढं नवं घालावं. काढलेलं पाणी धोप्याच्या वाफ्यात टाकायला हरकत नाही, खारपाणपट्टा सोडून.