पोरकं, आजारी पिल्लू दूध पीत नाही? डबा उघडण्याआधी हे वाचा

आमच्या दुकानातून मांजराच्या पिल्लासाठी दुधाची पावडर नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पत्रक देतो. बहुतेक जण घाईत असतात. पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली पिल्लू सापडलेलं असतं, ते मलूल असतं आणि तोंडाला लावलेलं दूध बाहेर टाकत असतं. पोटात काहीतरी जावं म्हणून जीव कासावीस होतो, हे आम्हाला कळतं. तरीही आधी ऊब द्या, दूध नंतर.

आधी ऊब

पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही, ती आईच्या पोटाशी मिळते. आई नसली की मुंबईच्या पावसात भिजलेलं पिल्लू बघता बघता गारठतं आणि त्याची आतडी काम थांबवतात. अशा वेळी पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, नाहीतर उलटून फुफ्फुसात जातं. दूध नाकारणारी कितीतरी पिल्लं मुळात गार पडलेली असतात.

हात धुऊन करंगळीचं टोक पिल्लाच्या तोंडात घाला. आत गार लागलं, तर दूध देऊ नका. थर्मामीटर लावता येत असेल, तर ९५ फॅरनहाइटच्या खाली काहीही पाजायचं नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे चटका बसायला लागला तर पिल्लाला दूर सरकता येईल. बाटलीही नसेल तर शर्टाच्या आत छातीशी धरून बसा. हीटर किंवा ड्रायर नको, ऊब हळूहळू चढू द्या. पिल्लू अगदीच निपचित असेल तर ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका.

नाक बघा

अंग कोमट झालं, करंगळी चोखायला लागलं, तरी दूध नको म्हणतंय? मग नाक बघा. मांजर वासावर जेवतं. सर्दीने नाक चोंदलं की समोरचं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. डोळ्यांना चिपडं आणि नाकाला खपली दिसली, तर सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसा. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून त्या वाफेत दहा मिनिटं पिल्लाला घेऊन बसा. बाम, कापूर, निलगिरी तेल यांतलं काहीही लावू नका. आणि तापासाठी पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, थोडंसुद्धा. त्याने मांजर मरतं.

दूध कसं पाजायचं

गाईम्हशीच्या दुधाने पिल्लांना जुलाब लागतात आणि आजारी पिल्लाला जुलाब झेपत नाहीत. पावडर डब्यावरच्या मापाने कालवा आणि मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट लागला पाहिजे. पिल्लाला पोटावर, आईला पितं तसं धरा. तान्ह्या बाळासारखं उताणं कधीच नाही. सिरिंजने एकेक थेंब सोडा, गिळलं की पुढचा. शंभर ग्रॅम वजनाच्या पिल्लाला एका वेळी ४ मिलीच्या वर देऊ नका. डोळे मिटलेले असतील तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दूध नाकातून परत आलं तर लगेच थांबा. तोंडाच्या आत, वरच्या टाळूला फट आहे का, हे डॉक्टरांना बघू द्या.

लहान पिल्लाला स्वतःहून शी-शूही होत नाही. प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने मागची बाजू हळूच पुसत राहा, आई चाटते तसं. तुंबलेलं पोट हेही न पिण्याचं कारण असतं.

चार आठवड्यांच्या पुढच्या, दात आलेल्या पिल्लाला ओलं खाणं कोमट करून, बोटाने ओठाला लावून चाखवा. वास सुटला की बरीच पिल्लं स्वतःच चाटू लागतात.

हिरड्या पांढुरक्या आणि अंगावर पिसवा असतील, तर त्या पिसवांनीच रक्त शोषून पिल्लाची ताकद घालवलेली असते. लिखांच्या फणीने काढा. कुत्र्यांची पिसवांची औषधं वापरू नका. त्यांतल्या बऱ्याचशांमध्ये पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजरांना विष आहे.

डॉक्टरांकडे कधी?

चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाने ऊब देऊनही लागोपाठ दोन वेळा दूध नाकारलं, तर त्याच दिवशी. मोठं असेल तर अर्ध्या दिवसापेक्षा जास्त थांबू नका. उलट्या, जुलाब, तोंड उघडून श्वास घेणं, यांतलं काही दिसलं तर ताबडतोब. नळीने दूध देण्याचं काम डॉक्टरांचंच. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात मांजरांवरही उपचार होतात. मुंबईबाहेर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

घरात आधीची मांजरं असतील तर पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा.

रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. दिवसाला साधारण १० ग्रॅम वाढ हवी. घरी काटा नसेल तर आमच्याकडून न्या, भाडं नाही. पिल्लू दगावलं तर न उघडलेले डबे आम्ही पूर्ण पैसे देऊन परत घेतो, बिल लागत नाही.