ढगांची गोधडी आणि श्रीनगरची उणे साडेआठ

डिसेंबर उजाडला की बातम्यांच्या चॅनेलवर एक ओळ ठरलेली: 'काश्मीरमध्ये बर्फवृष्टी, महाराष्ट्र गारठणार!' मागे गुलमर्गचं दृश्य, पुढे शेकोटीभोवती बसलेले चार आजोबा. ती ऐकून असं वाटतं की काश्मीर हा एक भलामोठा फ्रीज आहे, कुणीतरी त्याचं दार उघडं टाकलंय आणि गार हवा घरंगळत निफाडपर्यंत येतेय. गेल्या हिवाळ्यात माझ्या मामांनी हीच ओळ ऐकून फोन केला. त्यांची नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, आणि कडाका पडला की द्राक्षं वाचवायला बागेत रात्री शेकोट्या लावतात. "काल तिकडे बर्फ पडला म्हणतात. म्हणजे आज रात्री आमच्याकडे शेकोट्या लावायच्या का?"

मी म्हटलं, "मामा, बर्फ पडला ते सोडा. तुमच्याकडे आभाळ कसंय?"

हा लेख म्हणजे त्या फोनचा उरलेला भाग आहे.

आधी श्रीनगरचंच उदाहरण घेऊ. तिथे २१ डिसेंबरला 'चिल्लई कलां' सुरू होतं. हे चाळीस दिवस सर्वांत कडक थंडीचे. त्यानंतर वीस दिवसांचं चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. २०२४ साली चिल्लई कलांच्या पहिल्याच पहाटे श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांवर गेला. पन्नास वर्षांतली ती डिसेंबरमधली सर्वांत थंड रात्र ठरली. दल सरोवराच्या कडा गोठल्या, नळ गोठले. मात्र तोपर्यंत शहरात त्या मोसमातला बर्फच पडला नव्हता! आकाश लख्ख होतं. पहिला बर्फ आला आठवडाभराने, आणि तो आला तशी रात्रीची थंडी वाढायच्या ऐवजी कमी झाली. पारा शून्याच्या जवळ आला.

बर्फाला ढग लागतो आणि ढगाला बाष्प. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जेमतेम पाच ग्रॅम बाष्प मावतं, उणे वीसला एक ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे फार गारठलेल्या हवेकडे बर्फ पाडायला भांडवलच नसतं. काश्मीर-हिमाचलला ते भांडवल पश्चिमी झंझावात पुरवतात (काही वर्तमानपत्रं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात). भूमध्य समुद्राच्या बाजूने, दहा-बारा किलोमीटर उंचीवरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांच्या प्रवाहात अडकून, इराण-अफगाणिस्तान ओलांडत हे कमी दाबाचे पट्टे येतात. पुढच्या बाजूला ते दक्षिणेकडची उबदार हवा ओढतात, वाटेत अरबी समुद्राचं बाष्प मिळतं आणि हिमालयाला धडकून सगळं वर चढतं. त्यामुळे बर्फाचा दिवस हा त्या प्रदेशासाठी तुलनेने उबदार दिवस असतो. झंझावात पुढे सरकला की मागून कोरडे उत्तरेचे वारे येतात, आभाळ मोकळं होतं आणि खरा कडाका तिथून पुढे.

आता माझ्या लाडक्या भागाकडे येतो. थोडी आकडेमोड आहे, पण वॅट हे एकक विजेच्या बिलामुळे आपल्या ओळखीचं आहे.

कुठलीही वस्तू, अगदी बर्फसुद्धा, सतत अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची) किरणं बाहेर टाकत असते. किती, हे स्टीफन-बोल्ट्झमन नियम सांगतो: निरपेक्ष तापमानाच्या (म्हणजे केल्विनमध्ये मोजलेल्या) चौथ्या घाताच्या प्रमाणात. शून्य सेल्सिअस म्हणजे २७३ केल्विन. गणित केलं तर शून्य अंशाची जमीन दर चौरस मीटरमागे साधारण ३१५ वॅट बाहेर फेकते. दिवसा सूर्य हा खर्च भरून काढतो, रात्री नाही. मग रात्री जमीन तासाभरात गोठून का जात नाही? कारण आकाशही तिला परत काहीतरी देतं. हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणं शोषतात आणि त्यातली काही खाली पाठवतात. कोरड्या, निरभ्र रात्री ही परतफेड साधारण २२० वॅट असते. तूट ९५ वॅट.

डोक्यावर खालच्या थरातले दाट ढग आले, समजा त्यांचा तळ उणे पाच अंशांवर आहे, तर तो तळ २९० वॅटच्या आसपास परत पाठवतो. तूट फक्त २५ वॅट. हीच ती ढगांची गोधडी. गोधडी स्वतः गरम नसते, आपली ऊब आपल्यालाच परत देते. ढगही तेच करतात.

हा फरक पडतो एका खिडकीमुळे. ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांना बाष्प फारसं अडवत नाही आणि नेमकी याच पट्ट्यात जमीन सर्वांत जोरात किरणं सोडते. कोरड्या हवेत ही खिडकी जवळजवळ सताड उघडी असते, ढग ती गच्च बंद करतो.

पडून गेलेल्या बर्फाचं काम इथे सुरू होतं. ताजा, भुसभुशीत बर्फ म्हणजे निम्म्याहून जास्त हवाच, त्यामुळे तो उत्तम उष्णतारोधक. त्याच्याखाली जमिनीत दिवसांची साठलेली ऊब असते, पण वीस सेंटिमीटर ताज्या थरातून, वर-खाली आठ अंशांचा फरक धरला तरी, चौरस मीटरला चारेक वॅटच वर येतात. वर ९५ ची तूट, खालून ४ ची आवक. पृष्ठभाग घसरत जातो. उणे दहाला पोहोचला तरी तो २७१ वॅट फेकतच असतो, म्हणजे खर्च कमी होतो पण थांबत नाही. म्हणून झंझावात बर्फ टाकून निघून गेला आणि वर आभाळ उघडं पडलं की काश्मीर खोऱ्यात खरी गंमत, म्हणजे खरी आफत. जानेवारी २०२१ मध्ये असंच झालं. महिन्याच्या सुरुवातीला भरपूर बर्फ पडला, मग आभाळ मोकळं झालं आणि १४ तारखेला श्रीनगर उणे ८.४ वर, जवळपास तीस वर्षांतली नीचांकी नोंद. त्यात खोऱ्याचा आकार वाडग्यासारखा. उतारांवर थंड झालेली जड हवा तळाशी येऊन साचते.

इथवर टिकला असाल तर एक बक्षीस. अठराव्या शतकात अलाहाबादेत, जिथे हवेचं तापमान सहसा शून्याला जात नाही, लोक रात्री बर्फ तयार करत. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. उथळ खड्ड्यात वाळलेल्या चिपाडांचा थर, त्यावर मातीची उथळ, बिनचकाकीची भांडी, त्यांत थोडं पाणी. पहाटेपर्यंत बर्फ! अट एकच: आभाळ स्वच्छ हवं आणि वारा पडलेला हवा. चिपाडं म्हणजे वर सांगितलेला बर्फाचा उष्णतारोधक थर, आकाश म्हणजे ती उघडी खिडकी. विजेशिवायचा फ्रीज.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर जो पांढरा थर दिसतो, तोही याच घराण्यातला. 'महाबळेश्वरात बर्फ पडला' हे वाक्य चूक आहे, कारण तो पडत नाही, जागच्या जागी तयार होतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, पेटीत असतो. त्याचा पारा शून्याच्या बराच वर असताना उघड्यावरचा पत्रा आणि पानं मात्र आकाशाकडे ऊब फेकून शून्याखाली गेलेली असतात.

जाता जाता त्या 'अल्फेलियन'च्या व्हॉट्सॲप फॉरवर्डबद्दल (मूळ शब्द 'ॲफेलियन', म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते तो बिंदू). पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, म्हणून थंडी पडणार, लहान मुलांना सांभाळा, ही भानगड दर वर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येते, आणि हात जोडलेल्या चिन्हासकट येते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. सर्वांत लांब जुलैत. ऐन कडाक्यात आपण सूर्याच्या जवळ असतो, एवढं कळलं तरी तो मेसेज पुढे ढकलायचा मोह जावा.

'यंदा ला निना (म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड), हाडं गोठणार' या मथळ्यांचंही तेच. हवामान खात्याचा डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज संभाव्यतेत असतो: किमान तापमान सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता किती, थंडीच्या लाटेचे दिवस जास्त की कमी. तो अख्ख्या मोसमाचा कल सांगतो. १२ जानेवारीच्या पहाटे बागेत किती अंश असतील हे त्यातून काढता येत नाही. (हे दीर्घ पल्ल्याचे अंदाज पुण्यात तयार होतात आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण १९२८ साली खातं सिमल्याहून तिथे आलं.)

मामांच्या प्रश्नाकडे परत येऊ. श्रीनगरहून निफाड दीड हजार किलोमीटर. तिथला बर्फ इथे थंडी पाठवत नाही. झंझावातामागून उत्तरेचे वारे येतात ते थोडी गार आणि मुख्य म्हणजे कोरडी हवा आणतात. बाकीचा बराचसा कडाका निफाडमध्येच रातोरात तयार होतो, गोदावरी-कादवेच्या सखल खोऱ्यात. म्हणून तर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला आणि पूर्वेकडून बाष्प आलं, की काश्मीर बर्फात बुडालेलं असताना नाशिक जिल्ह्यात स्वेटर काढून ठेवावे लागतात. मग द्राक्षाला भुरी या बुरशीरोगाची काळजी. ती वेगळी डोकेदुखी.

त्या रात्री मामांकडे आभाळ स्वच्छ होतं, वारा पडला होता. लावा शेकोट्या, म्हटलं, पण धुरावर फार भिस्त ठेवू नका. धुराचे बारीक कण अवरक्त किरणांना ढगासारखे अडवत नाहीत. जाळाची ऊब आणि त्याने होणारी हवेची घुसळण, तेवढाच काय तो फायदा. त्यापेक्षा विहिरीचं पाणी सोडा. थंडीत ते हाताला कोमट लागतं ते खरोखरच हवेपेक्षा गरम असतं म्हणून, आणि ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते.

"पाणी सोडायचं हे आम्हाला माहितीये रे," मामा म्हणाले. "वीज रात्री दोनला येते. तू तेवढं त्याचं काहीतरी सांग."