बिगफूटचे ठसे, केस आणि ‘अज्ञात’ हा शब्द : पुरावा तपासण्यामागची पार्श्वभूमी

बिगफूट म्हणजे उत्तर अमेरिकेच्या जंगलात दिसतो असं म्हणतात तो दोन पायांवर चालणारा मोठा केसाळ प्राणी, हे बहुतेकांना माहीत आहे, त्यात जास्त जात नाही. सॅसक्वॉच हे त्याचंच दुसरं नाव कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलंय, त्यांच्या गोष्टी फार जुन्या आहेत आणि त्या गोष्टींना कोणी टेप लावून मोजत बसलं नव्हतं, गरजही नव्हती. टेप आणि प्लास्टर आलं १९५८ मध्ये, उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकच्या बाजूला जंगलातून रस्ता काढत होते तिथे. सकाळी कामावर आलेल्या बुलडोझर चालवणाऱ्याला गाडीभोवती १६ इंची पावलं दिसली, त्याने ठसा काढला, स्थानिक पेपरात फोटो छापून आला आणि ‘बिगफूट’ हा शब्द देशभर गेला. २००२ मध्ये त्या रस्त्याच्या कंत्राटदाराचं निधन झालं आणि घरच्यांनी लाकडात कोरलेली पावलं बाहेर काढून दाखवली. मानणारे म्हणतात की ती लाकडी पावलं सगळ्या ठशांशी जुळत नाहीत, आणि सगळ्या ठशांशी खरंच जुळत नाहीत, पण म्हणून उरलेले ठसे आपोआप खरे ठरत नाहीत. ही गोष्ट पुढे प्रत्येक टप्प्यावर येते म्हणून आधीच सांगून ठेवतो.

१९६७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच ब्लफ क्रीकला ती सुप्रसिद्ध फिल्म घेतली गेली, चालत जाणाऱ्या केसाळ आकृतीची, १६ एमएमची, एक मिनिटाच्या आतली. तिच्यावर एवढं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही, एकच सांगतो. कॅमेरा सेकंदाला किती फ्रेमवर चालू होता हे घेणाऱ्यालाच नक्की आठवत नव्हतं. १६ धरलं तर चाल वेगळी दिसते, २४ धरलं तर साधारण माणसासारखी दिसते, आणि चालीवरून काढलेले सगळे निष्कर्ष त्या एका आकड्याला टांगलेले आहेत. फिल्मपेक्षा मला त्याच जागेवरचे ठसे महत्त्वाचे वाटतात, कारण काही दिवसांनी एक टॅक्सिडर्मिस्ट (मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरून ते जतन करणारा) तिथे गेला आणि त्याने एकच छान ठसा निवडून न घेता ओळीने दहा ठसे ओतून घेतले. हे काम शहाणपणाचं होतं. खरा प्राणी चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, कुठे टाच रुतते, कुठे चवडा घसरतो, कुठे बोटं आखडतात, आणि ती ओळ बघितल्याशिवाय एका ठशावरून काही बोलता येत नाही.

आपल्याकडे ज्यांनी वाघाचे पगमार्क, म्हणजे पंजाचे ठसे, घेतलेत त्यांना हे सांगायला नको. काचेवर ट्रेसिंग, प्लास्टरचे साचे, डावा मागचा पंजा कुठला ते ठरवणं, हे सगळं कित्येक वर्षं आपल्या वनरक्षकांनी केलं. एकच वाघ चिखलात मोठा आणि कडक मातीत लहान दिसतो हे त्यांना माहीत होतं, तरी मोजणी त्यावरच चालायची. २००५ मध्ये सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नव्हता, त्यानंतर ती पद्धत मागे पडली आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आले. तिथे तर प्राणी आहे हे आधीपासून माहीत होतं, फक्त किती आहेत हा प्रश्न होता. बिगफूटच्या बाबतीत त्याच कच्च्या साधनाने प्राणी मुळात आहे का हे ठरवायचं होतं.

त्यात अस्वल मोठा घोळ घालतं. अस्वलाचं मागचं पाऊल टाच टेकवून पडतं, पाच बोटं, लांबट तळवा, अनवाणी माणसासारखंच. चालताना कधीकधी मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर अर्धवट पडतं आणि दोन्ही मिळून एक लांबलचक ठसा तयार होतो. बर्फात असेल तर दुपारच्या उन्हाने कडा वितळून तो आणखी पसरतो. ओळखायची खूण म्हणजे अस्वलाचं सर्वांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं, आपलं आतल्या बाजूला. ठसा जरा विरला की हे दिसेनासं होतं.

मग आल्या तळव्यावरच्या रेषा. १९८२ पासून, वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉलाजवळच्या डोंगरात मिळालेल्या ठशांपासून, असं म्हणणं सुरू झालं की काही साच्यांवर बोटांच्या ठशांसारख्या बारीक त्वचारेषा आहेत आणि एवढी बारीक गोष्ट कोण लाकडात कोरणार. टेक्सासमधल्या एका फिंगरप्रिंट तज्ज्ञाने साचे बघून सांगितलं की काही रेषा पावलाच्या कडेने लांबीच्या दिशेने जातात, माणसात आणि माकडात अशा जात नाहीत. ऐकायला हे फार भक्कम वाटतं. पुढे एका हौशी माणसाने तशाच फुफाट्यासारख्या कोरड्या मातीत स्वतः ठसे करून त्यात प्लास्टर ओतून बघितलं. कोरडी माती प्लास्टरमधलं पाणी झपाट्याने ओढून घेते, प्लास्टर कडेकडेने पुढे सरकत सरकत घट्ट होतं आणि जिथे जिथे थबकतं तिथे बारीक वळी उमटते. पावलाच्या कडेने, लांबीच्या दिशेने. म्हणजे ज्याला त्वचा समजत होते ती पीओपी सुकण्याची खूण होती, निदान त्या साच्यांपुरती तरी. असे प्रयोग साचा काढणाऱ्यांनीच पहिल्या दिवशी करायला हवे होते असं मला मनापासून वाटतं, खर्च एक पोतं प्लास्टर आणि एक दुपार.

आता स्कूकम. यावर जास्त लिहितो कारण पुरावा कसा गोळा करावा आणि कसा वाचू नये हे दोन्ही यात एकाच जागी आहे.

सप्टेंबर २०००, वॉशिंग्टन राज्यातलं गिफर्ड पिंचॉट राष्ट्रीय वन, स्कूकम मेडोज नावाची जागा. शोधमोहिमेवर गेलेल्या लोकांनी रस्त्याकडेच्या चिखलाच्या खळग्यात मधोमध फळं ठेवली, सफरचंदं वगैरे. हेतू असा की जो कोणी फळ घ्यायला येईल त्याचं पाऊल चिखलात पडेल. रात्री रेकॉर्ड केलेले आवाज वाजवले. सकाळी बघतात तर काही फळं खाल्लेली आणि चिखलाच्या कडेला एक मोठा विचित्र ठसा, पावलाचा नाही, कोणीतरी कुशीवर आडवं झाल्यासारखा. जागेवर उभे राहून त्यांनी एकेक नाव वगळलं, अस्वल नाही, हरीण नाही, कायोटी (छोट्या लांडग्यासारखा प्राणी) नाही, एल्क (मोठं हरीण) नाही. उरलं ते बिगफूट. त्याने म्हणे चिखलात पाय न टाकता कडेला आडवं होऊन हात लांब करून फळ उचललं, म्हणून पावलाचा ठसा नाही. दोनशे पौंडांच्या वर प्लास्टर ओतून त्यांनी तो अख्खा ठसा उचलला, ही मेहनत मी कधीच कमी लेखणार नाही, नुसते फोटो काढून आले असते तर आज बोलायलाही काही उरलं नसतं.

साच्यावर काय दिसतं तर एक जाड गोलसर उंचवटा, त्याला टाच म्हटलं, त्याच्यावरच्या पट्टीला टाचेची शीर, बाजूचा रुंद भाग मांडी आणि कुल्हा, वर एक लांबट भाग हाताचा, आणि चिखलात केसांच्या लकेरी. काही शरीररचनेच्या अभ्यासकांनीही, त्यात नावाजलेले लोक होते, ती टाच बघून होकार दिला. दुसऱ्या बाजूने म्हणणं आलं की हा बसलेला एल्क आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा बराच मोठा हरणाचा प्रकार, मोठा नर ३०० किलोच्या पुढे जातो, आणि त्या जागेवर एल्कच्या खुरांचे ठसे होतेच, त्यावर वाद नाही.

सगळा वाद आला तो प्राणी उठतो कसा यावर. मानणाऱ्यांचं म्हणणं, एल्क उठताना खूर पोटाखाली घेऊन जोर लावतो, मग साच्याच्या मधोमध खुरांच्या खोल खुणा हव्यात, त्या कुठे आहेत? गोठ्यात गाय किंवा म्हैस उठताना ज्यांनी जवळून बघितलीय त्यांनी ते चित्र डोळ्यासमोर आणावं. ती आधी मान पुढे झोकते, पुढच्या गुडघ्यांवर वजन घेते, मागचा भाग उचलते, क्षणभर तशीच गुडघ्यांवर राहते आणि मग एकेक पुढचा पाय रोवते. शेणामातीत त्या गुडघ्यांचे गोल खड्डे राहतात, आणि ते खूर वाटत नाहीत, कोणी टाच टेकवलीय असंच वाटतं. हरणाच्या जातीचे प्राणीही असेच उठतात. आपण ज्याला पुढचा गुडघा म्हणतो तो खरं तर त्यांचं मनगट असतं, त्यामुळे ‘टाच’ म्हणून दाखवलेली जागा म्हणजे चिखलात दाबलेलं एल्कचं मनगट, हा विरोधकांचा मुद्दा मला पटतो. खुरांच्या खुणा मधोमध नसल्या तरी ठशाच्या आजूबाजूला, जिथे असायला हव्यात तिथे आहेत, हेही त्यांनी दाखवलं.

पण माझी तक्रार कोण जिंकलं याबद्दल नाहीये. एकेक नाव वगळत जायची पद्धत चांगली आहे, डॉक्टरही तेच करतात, फक्त वगळताना प्रत्येक नावाला पुरेसा वेळ द्यावा लागतो. बसून उठलेल्या एल्कचा चिखलातला ठसा शेजारी ठेवून तुलना करायची आणि मग वगळायचं, इथे आधी वगळलं आणि एल्कची तुलना पुढची कित्येक वर्षं वादाच्या रूपात चालू राहिली. पावलाचा एकही ठसा नाही ही गोष्ट खरं तर अडचणीची होती, तीच गोष्टीत बसवून हुशारीची खूण केली. मला विचाराल तर तो साचा त्या दिवशी ‘मोठ्या प्राण्याचा अंगाचा ठसा’ एवढंच नाव लावून ठेवायला हवा होता.

त्या चिखलातून केसही निघाले. बहुतेक हरीण, एल्क, कायोटी, अस्वलाचे. एखाद्या केसाबद्दल तपासणाऱ्याने प्रायमेटसारखी, म्हणजे माकड-माणसाच्या गटासारखी, लक्षणं म्हटलं आणि मग तो जुना शब्द परत आला, ‘अज्ञात’.

या शब्दाने फार गोंधळ केलाय. प्रयोगशाळेचा रिपोर्ट म्हणतो ओळख पटली नाही, बाहेर येईपर्यंत त्याचं होतं अज्ञात प्राणी. केस मायक्रोस्कोपखाली बघतात तेव्हा वरचे खवले, आतला गाभा, रंगाचे कण बघून जवळ असलेल्या नमुन्यांशी जुळवतात. जवळ शंभर जातींचे नमुने असतील तर शंभरातच जुळणार. शिवाय एकाच जनावराच्या पाठीचा केस आणि पोटाचा केस सारखा नसतो, उन्हापावसात पडून राहिलेला तर ओळखूही येत नाही. म्हणजे ‘जुळलं नाही’ हे त्या केसाबद्दल कमी आणि त्या कपाटातल्या नमुन्यांबद्दल जास्त सांगतं. १९७६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेकडे एका शोधकर्त्याने कातडीचा तुकडा चिकटलेले १५ केस पाठवले होते, तिथे ते जुळले, हरणाच्या कुळातले निघाले, १९७७ मध्ये तसं कळवलं. ती कागदपत्रं सगळ्यांसाठी खुली झाली २०१९ मध्ये, तेव्हा बातमी झाली ती ‘तपास झाला होता’ याची, उत्तर काय आलं ते खाली बारीक अक्षरात.

डीएनए आल्यावर हा शब्द जाईल असं वाटलं होतं. २०१३ मध्ये उलट झालं, एका शोधनिबंधाने, पेपरने, दावा केला की बिगफूटच्या म्हणून जमवलेल्या नमुन्यांत मायटोकॉन्ड्रियाचा (आईकडून येणारा) डीएनए माणसाचा आणि बाकीचा कशाशीच न जुळणारा, म्हणून हा माणूस आणि अज्ञात प्राण्याचा संकर. नमुन्याला माणसाचा हात लागला की माणसाचा डीएनए येतोच आणि कुजलेला डीएनए कशाशीच धड जुळत नाही, ही साधी शक्यता आधी निकालात काढायला हवी होती. तो पेपर आला नव्याने सुरू झालेल्या जर्नलच्या पहिल्या अंकात, आणि त्या अंकात तेवढा एकच पेपर होता.

२०१४ चं काम मात्र नीट होतं. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठातून जगभर आवाहन गेलं की तुमच्याकडचे बिगफूट, हिमालयातला यती वगैरेचे केस पाठवा. आलेल्यातून ५७ केसांचे नमुने धरले, त्यातले ३७ निवडले, ३० मधून डीएनए वाचता आला. केस आधी बाहेरून कडक साफ केला म्हणजे हाताळणाऱ्याचा डीएनए जावा. अमेरिकेतल्या नमुन्यांत निघालं काळं अस्वल, गाय, घोडा, कुत्रा किंवा लांडगा, रॅकून, साळिंदर, आणि एक माणूस. अज्ञात एकही नाही. तरी त्यातही घसरले. लडाख आणि भूतानचे दोन नमुने ४०,००० वर्षांपेक्षा जुन्या ध्रुवीय अस्वलाशी जुळतात असं छापलं आणि जगभर हेडलाइन झाली. दुसऱ्यांनी परत तपासलं तर ती जुळणी प्राचीन अस्वलाची नव्हतीच, चूक झाली होती आणि ती मान्यही केली गेली. वाचलेला तुकडा जेमतेम १०४ अक्षरांचा, तेवढ्यावर हिमालयातलं तपकिरी अस्वल वेगळं काढता येत नव्हतं. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने जास्त लांब डीएनए वाचून बघितले, आठ अस्वलं आणि एक कुत्रा. त्यामुळे २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या लष्कराने नेपाळमधल्या मकालू शिखराजवळच्या ३२ इंची ठशांचे फोटो यतीचे म्हणून टाकले तेव्हा ज्यांनी हे सगळं वाचलं होतं त्यांनी आधी बर्फ वितळून ठसा किती पसरला असेल हेच विचारलं.

‘इतक्या मोठ्या जंगलात एखादा दुर्मिळ प्राणी सापडणार कसा’ असं कोणी म्हणालं की मी कॅलिफोर्नियातल्याच २००८ च्या वुल्वरीनचं (छोट्या अस्वलासारखा दिसणारा मांसाहारी प्राणी) उदाहरण देतो. टाहोच्या राष्ट्रीय वनात एका विद्यार्थिनीने मार्टेन नावाच्या छोट्या प्राण्यासाठी कॅमेरा ट्रॅप लावले होते, फेब्रुवारीत एका फ्रेममध्ये वुल्वरीन आला, जो त्या राज्यात १९२० च्या दशकानंतर खात्रीने कोणी नोंदवला नव्हता. फोटो स्वच्छ होता, तरी कोणी तेवढ्यावर थांबलं नाही. त्या भागात आणखी कॅमेरे लावले, केस अडकतील असे सापळे लावले, विष्ठा गोळा केली आणि डीएनए काढला. काही आठवड्यांत कळलं की तो नर आहे आणि कॅलिफोर्नियातल्या जुन्या वुल्वरीनांचा वंशज नाही, रॉकी पर्वताकडच्या वुल्वरीनांपैकी आहे, आणि पुढे आणखी तुलना केल्यावर आयडाहोतली सॉटूथ पर्वतरांग निघाली. अख्ख्या राज्यात एकच होता तो.