संगणकाच्या अपग्रेडनंतर ळ कुठे जातो?

पहूर आणि पळासखेडे ही जळगाव जिल्ह्यातील दोन गावांची नावे अकारविल्हे लावायची झाली, तर आधी कोणते लिहावे? पाटीवर गिरवलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून पहूर आधी आणि पळासखेडे मागाहून. संगणक मात्र बहुधा उलटे उत्तर देतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, ल चा क्रमांक ०९३२, ळ चा ०९३३, व चा ०९३५ आणि ह चा ०९३९ आहे. ही मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतलेली असून ती अनेक भारतीय लिप्यांना एकच चौकट लावण्यासाठी ठरवलेली होती, त्यामुळे तिच्यात ळ हा ल च्या शेजारी बसला. खानदेशाचा नकाशा उघडला की जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा, तळोदे असा ळ पदोपदी भेटतो. (अहिराणी बोलताना आम्ही त्याचा सर्रास य करतो, काळा म्हणजे काया आणि डोळा म्हणजे डोया, पण यादी लिहायला बसले की ळ हवाच.)

अक्षरांचा क्रम, तारखेची पद्धत, महिन्यांची नावे, रुपयाचे चिन्ह, आकड्यांतील स्वल्पविराम असे भाषेप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे बदलणारे सगळे संकेत संगणकात एके ठिकाणी नोंदवलेले असतात. त्या संचाला लोकेल म्हणतात. १२३४५६७ ही संख्या १२,३४,५६७ अशी दाखवायची, म्हणजे उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन आकड्यांचे गट पाडायचे, हे लोकेलमधील एका छोट्या सूचनेने ठरते. तयार लोकेल मनाजोगते नसेल, तर लिनक्ससारख्या संगणक चालवणाऱ्या प्रणालीत त्याची साधी मजकूर-फाइल बदलून स्वतःचे लोकेल घडवता येते. त्या फाइलचे लोकेलडेफ नावाच्या आज्ञेने संकलन झाले, म्हणजे तिचे यंत्राला वाचता येणारे रूप तयार झाले, की संगणकावरचे कार्यक्रम (प्रोग्राम) ती वापरू लागतात. घोटाळा होतो तो प्रणालीची नवी आवृत्ती बसवल्यानंतर, आणि तो दोन अगदी निराळ्या प्रकारांनी होतो.

पहिला प्रकार गाजावाजा करणारा आहे. संकलित लोकेलांचा साठा अपग्रेडच्या वेळी पुन्हा बांधला जातो आणि त्यात प्रणालीच्या यादीत नोंदवलेली लोकेलेच येतात, त्यामुळे हाताने घातलेले लोकेल नाहीसे होते. मग कार्यक्रम ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलवर परततात, महिने इंग्रजीत दिसू लागतात, संख्यांतील स्वल्पविराम जातात, मराठी नावाच्या फाइलींच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडताच लोकेल सापडत नसल्याचा इशारा मिळतो. पोस्टग्रेससारखा डेटाबेस तर ज्या लोकेलवर तो उभारला तेच मिळाले नाही, तर जोडणीच नाकारतो. हे त्रासदायक वाटते, पण ही कुरकुर आपल्या भल्याची असते.

दुसरा प्रकार निःशब्द आहे आणि तो मी स्वतः ओढवून घेतला. एका वाचनालयाच्या सभासदांची नोंदवही संगणकावर चढवताना मी मराठीच्या मूळ लोकेल-फाइलमध्येच ळ ला ह च्या पाठी नेऊन बसवले होते. अपग्रेडने ती फाइल नव्या प्रतीने झाकून टाकली. नाव तेच राहिल्यामुळे कोणीच तक्रार केली नाही. पुढे पळासखेड्याचे सभासद शोधायला गेलो तर एकही सापडेना, आणि पूर्ण यादी छापली तर ते सगळे जागच्या जागी हजर.

याचे कारण डेटाबेसच्या निर्देशांकात आहे. निर्देशांक शब्दकोशासारखा क्रमाने लावलेला असतो. शोधताना यंत्र मधले एक नाव पाहते, हवे ते नाव त्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवते आणि उरलेला अर्धा भाग न पाहताच सोडून देते. माझा निर्देशांक जुन्या क्रमाने लावलेला होता, तर तुलना नव्या क्रमाने होत होती. मधे पहूर भेटले की नव्या नियमानुसार पळासखेडे अलीकडे असायला हवे, म्हणून यंत्र अलीकडे वळत होते. नोंद मात्र पलीकडे होती. अशा अवस्थेत नवी नोंद केली तर त्याहून वाईट, कारण आधीची नोंद दिसत नसल्याने एकाच माणसाचे दोन सभासद होऊ शकतात.

फाइलला हात न लावताही हे घडू शकते. लिनक्समधील लोकेले ज्या ग्नू सी लायब्ररीबरोबर, म्हणजे सगळ्या कार्यक्रमांना लागणाऱ्या पायाभूत सॉफ्टवेअर-संचाबरोबर, येतात, तिच्या १ ऑगस्ट २०१८ रोजी आलेल्या २.२८ या आवृत्तीत वर्णक्रमाची कोष्टके आयएसओ १४६५१ या प्रमाणाच्या नव्या रूपानुसार पुन्हा लिहिली गेली. लिनक्सच्या डेबियन या प्रकारात ९ वरून १० वर किंवा उबुंटू या प्रकारात १८.०४ वरून २०.०४ वर जाणाऱ्यांना हा बदल ओलांडावा लागला. त्यात वर्णक्रमासाठी वापरलेल्या खुणांची नावेही बदलल्यामुळे जुनी घरगुती लोकेल-फाइल नव्या प्रणालीत संकलितच होत नाही, असे पुष्कळदा आढळते. इशारे डावलून सक्तीने संकलन करण्याची सोय लोकेलडेफमध्ये आहे, परंतु ती वापरू नये असे माझे मत आहे. लोकेल तयार झालेले दिसते आणि क्रम भलताच निघतो.

दुरुस्ती करताना प्रथम डेटाबेसची मजकूर-रूपातील प्रत काढून ठेवावी. आपले नियम मूळ फाइलमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये, ‘मराठी-भारत’ या नावापुढे आपली खूण जोडून लिहावेत. कोणी अहिराणीसाठी लोकेल करणार असेल तर तिला ‘एएचआर’ हा स्वतंत्र भाषासंकेत मिळालेलाच आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये स्थानिक फाइलींसाठी युएसआर-लोकल ही शाखा आहे, जिला अपग्रेड हात लावत नाही. फाइल तेथे ठेवून लोकेलांच्या यादीत तिचे नाव घातले की पुढच्या प्रत्येक वेळी ते आपोआप बांधले जाते. लोकेल जागेवर आल्यानंतरच निर्देशांक पुन्हा बांधावेत. हा क्रम उलटा केला तर निर्देशांक चुकीच्या वर्णक्रमाने बांधले जातात आणि सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागते. बांधणी करताना दुबार नोंदी निघाल्या तर त्या आधी निस्तराव्या लागतात. माझ्याकडे तीन निघाल्या.

पोस्टग्रेसच्या २०२३ मधील १६ व्या आवृत्तीपासून ‘ह नंतर ळ’ हा नियम थेट डेटाबेसमध्येच लिहून ठेवता येतो, त्यामुळे प्रणालीच्या फाइलीवर विसंबावे लागत नाही. हा नियम आयसीयू या वेगळ्या सॉफ्टवेअर-लायब्ररीच्या आधाराने चालतो आणि तीही अधूनमधून बदलते. मात्र ती बदलली की डेटाबेस आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा देतो. तरीही मी आता जवखेडे, जळोद, पहूर, पळासखेडे ही चार नावे याच क्रमाने एका फाइलमध्ये ठेवली आहेत. कोणतेही अपग्रेड झाले की ती उलटसुलट करून यंत्राकडून लावून घेतो, आणि ती याच क्रमाने परत आली तरच वाचनालयाची नोंदवही उघडतो.