नळी ६५,५३६ बाइटची

दिवाळी सरते, जामनेर-धरणगावकडे कापसाच्या गाड्या जिनिंगच्या वजनकाट्यासमोर रांग लावतात, आणि दसऱ्यापासून बिनतक्रार चाललेला हिशेबाचा प्रोग्रॅम एका संध्याकाळी गप्प होतो. चूक दाखवत नाही, बंदही पडत नाही, नुसता बसून राहतो. अशा वेळी ‘व्हायरस शिरला’ किंवा ‘गावांची नावं मराठीत टाकली म्हणून अडकलं’ असं निदान झटपट होतं. मॉनिटरवर लिंबू-मिरचीही टांगली जाते. कारण मात्र मोजता येण्यासारखं आहे: ६५,५३६ बाइट.

समजा, काट्यावर रोज एक साधी फाइल तयार होते. दर ओळीत तारीख, गाव, गाडीचा नंबर, क्विंटल. गावानुसार क्रम लावायला लिनक्सच्या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘सॉर्ट’ ही कमांड तयार आहे. फाइल मेमरीत मावत नसेल तर ती तुकडे करते, प्रत्येक तुकडा क्रमाने लावून तात्पुरत्या फाइलीत ठेवते आणि शेवटी सगळे एकत्र ओवते. हे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पुन्हा लिहिणं म्हणजे फुकटची हमाली. उलट ओलाव्याची वजावट, दोन प्रतींचे दोन दर, पावती, हे सगळं शेलमध्ये लिहायला बसलात तर अवतरणचिन्हं मोजण्यातच रात्र जाईल. ते काम पायथनचं. म्हणून दोघांना जोडायचं: पायथनने सॉर्टला कामाला लावायचं आणि त्याने दिलेलं उत्तर वाचायचं. त्यासाठी ‘सबप्रोसेस’ हे मोड्यूल, म्हणजे आयत्या कोडचा संच, पायथनमध्ये २००४ पासून आहे.

दोघांमधल्या जोडणीला पाइप म्हणतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेचे डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम बागेतल्या नळीच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ मध्ये तिथल्याच केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्या प्रणालीच्या धर्तीवर बनलं तिच्यात, तशी सोय करून दिली. केळीला ठिबक करणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की ठिबकचे व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालू केली तर नळी निसटते किंवा फुटते. इथे नळी फुटत नाही, मोटरच झोपते.

आजच्या लिनक्सवर ही नळी म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेमरीतली ४,०९६ बाइटची १६ पानं, एकूण ६५,५३६ बाइट. सॉर्ट लिहीत राहतो, पानं भरतात. पलीकडून कुणी वाचलं नाही तर कर्नल सॉर्टला निजवतो, नळीत जागा झाली की उठवीन म्हणतो. आता पायथनमध्ये कुणी असं लिहिलेलं असतं: सॉर्ट सुरू कर, तो संपेपर्यंत ‘वेट’ कर, मग उत्तर वाच. पायथन सॉर्ट संपण्याची वाट बघतो, सॉर्ट नळी रिकामी होण्याची. प्रोसेसर शांत, पंखा शांत, दोघंही निवांत.

एक ओळ ४० बाइटची धरा. १,६३८ ओळींना ६५,५२० बाइट लागतात, त्या नळीत मावतात, सॉर्ट संपतो, सगळं ठीक. १,६३९व्या ओळीला अडकलंच. म्हणून दसऱ्याला चालतं आणि भर हंगामात थांबतं. मराठीवरचा संशयही इथूनच येतो. इंग्रजी अक्षरांत ‘जामनेर’ ६ बाइट घेतं. देवनागरीत ज, काना, म, न, मात्रा, र अशी सहा चिन्हं, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १८. तीच ओळ ५२ बाइटची झाली की १,२६० ओळींनंतरच नळी भरते. मराठीने अडत नाही, लवकर भरते इतकंच.

उपाय: ‘वेट’ऐवजी ‘कम्युनिकेट’ वापरा, किंवा सरळ ‘रन’. ‘रन’ आतून तेच करतो. सॉर्ट लिहीत असतानाच दुसऱ्या टोकाने वाचणं चालू राहतं, चुकांचे संदेश आणणारी दुसरी नळीही त्याच वेळी उपसली जाते. ती विसरली तर कोंडी तिथे होते. ‘ग्रेप’ला (हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधणाऱ्या कमांडला) आधी सगळा मोठा माल स्वतः भरवून मग उत्तर वाचायला गेलात तर जाणारी आणि येणारी दोन्ही नळ्या तुंबतात.

कमांड देताना शब्दांची यादी द्या, एक लांब वाक्य करून शेलच्या हवाली करू नका. ‘रावेर जानेवारी’ नावाची फाइल शेलला दोन फाइली वाटते. नावात अर्धविराम आला तर त्यापुढचा मजकूर शेल नवी कमांड समजून चालवतो, मग ती फाइली पुसणारी का असेना.

‘चेक’ची सोय चालू करून ‘ग्रेप’ चालवलात तर आणखी एक गंमत. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा देते आणि तो शून्य नसेल तर ‘चेक’ चूक धरतो. शून्य म्हणजे यश, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ग्रेपला शोधलेलं काही सापडलं नाही तर तो १ देतो, आणि खरी चूक झाली तर २. बोदवडची एकही गाडी आली नाही त्या दिवशी पायथन चूक झाली म्हणून थांबतो. १ आणि २ वेगळे तपासा. शिवाय शेलमधल्या कमांडच्या साखळीचा निकाल फक्त शेवटची कमांड ठरवते. मधली कोसळली तरी शून्यच येतो. बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ लावलं तर ती पकडली जाते.

आणि नळीतून कच्चे बाइट स्वतः ओढत असाल तर एक भागाकार करून बघा. ६५,५३६ ला ३ ने भागलं की २१,८४५ येतात आणि बाकी १ उरते. निव्वळ देवनागरी मजकुराचा तेवढा तुकडा घेतला तर शेवटी एका अक्षराचा तिसरा हिस्सा लोंबकळत राहतो, आणि तुकडा तिथल्या तिथे अक्षरांत उलगडायला गेलात की पायथन ‘युनिकोड डीकोड एरर’ देतो. सुरुवातीलाच एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगितलं, तर पायथन अपुऱ्या अक्षराचा तो बाइट जपून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याशी जोडतो.