यहोयादानंतरचा योवाश

गुरू असेपर्यंत देवाची वाट धरायची आणि गुरू गेला की सोडायची, याचे उदाहरण म्हणून बायबलमधला यहूदा या प्राचीन यहुदी राज्याचा राजा योवाश हमखास पुढे केला जातो. त्याचा काळ साधारणपणे इ.स.पू. 835 ते 796 असा धरतात. पण त्याची कथा वाटते तेवढी सरळ नाही.

अहज्या राजा मारला गेल्यावर त्याच्या आईने, अथल्येने, राजवंशच संपवायला घेतला. अहज्याच्या तान्ह्या मुलाला, योवाशाला, त्याच्या आत्याने, यहोशेबाने, दाईसकट लपवले. ती याजक म्हणजे मंदिरातला पुरोहित यहोयादा याची बायको. सहा वर्षे मूल यरुशलेमच्या मंदिरात दडून राहिले. सातव्या वर्षी यहोयादाने शताधिपतींना हाताशी धरून त्याला मुकुट घातला आणि अथल्येचा शेवट झाला. मग परमेश्वर, राजा आणि प्रजा यांच्यात करार झाला. तो घडवून आणणाराही यहोयादाच. राजा तेव्हा सात वर्षांचा होता. पुढे त्याच्यासाठी दोन बायका पाहिल्या त्याही यहोयादानेच.

म्हणून योवाशाला याजकाच्या हातातले बाहुले म्हणावे, तर मंदिराच्या डागडुजीची गोष्ट आड येते. राज्याच्या 23व्या वर्षापर्यंत पडझड तशीच होती, तेव्हा राजाने खुद्द यहोयादालाच जाब विचारला. झाकणाला भोक पाडलेली पेटी ठेवली गेली. ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक पैसे मोजून मुकादमांच्या हाती देत; सुतार, गवंडी, पाथरवटांची मजुरी त्यातून भागे. माणसे इतकी सचोटीची की कोणी हिशेबही मागत नसे. म्हणजे मंदिराची आच राजाला होती. पण इमारतीची आच आणि देवाची आच एकच असते असे नाही, असे मला वाटते.

यहोयादा 130 वर्षांचा होऊन वारला. याजक असूनही त्याला दावीदनगरात, म्हणजे यरुशलेमच्या जुन्या भागात, राजांच्या शेजारी पुरले. त्यानंतर यहूदाचे सरदार दरबारात आले, राजाला मुजरा केला, आणि राजाने त्यांचे ऐकले. त्यांनी काय मागितले ते लिहिलेले नाही. परिणाम तेवढा दिसतो. मंदिर ओस पडले, अशेरा देवीचे खांब आणि मूर्ती परत आल्या. देवाचा निरोप सांगणाऱ्या संदेष्ट्यांना कोणी जुमानले नाही. यहोयादाचा मुलगा जखऱ्या बोलला, तर राजाच्या हुकमाने त्याला मंदिराच्याच अंगणात दगडांनी ठेचून मारले. वर्ष सरता सरता शेजारच्या अराम राज्याचे छोटेसे सैन्य चालून आले. राजा घायाळ झाला आणि त्याच्याच चाकरांनी त्याला बिछान्यात मारले.

या उत्तरार्धातला बराचसा भाग बायबलच्या फक्त 'इतिहास' या ग्रंथात आहे. त्याच काळाची हकीकत सांगणाऱ्या बायबलच्या 'राजे' ग्रंथात योवाशाची मूर्तिपूजा नाही आणि जखऱ्याचा खूनही नाही. यहोयादा शिकवत होता तोवर राजा नीट वागला, एवढाच इशारा आहे. 'इतिहास' लिहिला गेला बाबेलच्या बंदिवासानंतर, म्हणजे यहूदाच्या लोकांना बाबेलला कैद करून नेले त्यानंतर. तेव्हा या राजवंशाचा मूळपुरुष दावीद याचा वंशज गादीवर नव्हता, मार्ग दाखवणारा राजा कोणी उरला नव्हता. अशा वाचकांसमोर लेखक हे प्रकरण मुद्दाम विस्ताराने मांडतो. योवाशाचा नातू उज्जीया याच्याबद्दलही तो लिहितो की, देवाचे भय शिकवणारा जखऱ्या (हा दुसरा) हयात होता तोवर तो देवाच्या शोधात राहिला. पुढे तोच उज्जीया सत्तेच्या तोऱ्यात धूप जाळायला मंदिरात शिरला, याजकांवर खेकसला, आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठले.