डबा, डोकं आणि ती ८१७० माणसं

आमच्या लोअर परळच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दर दोन-चार महिन्यांनी हा विषय निघतोच, आणि निघतो तेव्हा नेमके माझ्या डब्यात बोंबील असतात. अकाउंट्समधले काका (डोंबिवलीचे, जन्मात अंडंही खाल्लेलं नाही) माझं झाकण उघडलं की खुर्ची जराशी मागे घेतात, रागाने नाही हां, सवयीने, आणि म्हणतात, "अगं, आता सायन्सनेच सिद्ध केलंय, शाकाहारी लोकांचा आयक्यू जास्त असतो." मी म्हणते, "काका, आमची आजी सांगायची मासे खाल्ले की डोकं तल्लख होतं." मग कोणीतरी आइन्स्टाइनला मध्ये आणतं आणि सगळे हात धुवायला उठतात. तर हे सिद्ध-बिद्ध कोणी केलं, कधी केलं, ते एकदा नीट शोधून लिहावं म्हटलं.

मूळ बातमी डिसेंबर २००६ ची. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये साउथम्प्टनच्या कॅथरिन गेल, एडिंबराचे इयन डीअरी आणि इतर काहींचा पेपर आला. ब्रिटनमध्ये एप्रिल १९७० च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांवर कायम लक्ष ठेवणारा एक मोठा अभ्यास चालू आहे, त्यातल्या मुलांची दहाव्या वर्षी बुद्धीची चाचणी झाली होती आणि तिशीत त्यांना विचारलं, तुम्ही शाकाहारी आहात का. ८१७० जणांपैकी ३६६ जण हो म्हणाले, म्हणजे साडेचार टक्के. त्या शाकाहारी पुरुषांचा लहानपणीचा सरासरी आयक्यू १०६, बाकीच्यांचा १०१, बायकांमध्ये १०४ आणि ९९. पाच पॉइंटचा फरक. झालं, एवढ्यावर जगभर हेडलाइन्स.

आता यात बघा, परीक्षा दहाव्या वर्षी आणि खाण्याचा प्रश्न तिसाव्या वर्षी. दहा वर्षांचं पोर आई ताटात वाढेल ते खातं. म्हणजे पेपर म्हणतोय एवढंच की लहानपणी ज्यांचे मार्क जास्त होते त्यातली जरा जास्त मुलं पुढे शाकाहाराकडे वळली. भाजी खाल्ल्याने डोकं वाढलं असं त्यात कुठेच नाही, पण काकांच्या वाक्यात बाण बरोबर उलटा फिरलेला असतो. शिवाय शाकाहारी निघालेले लोक जास्त शिकलेले होते, बऱ्या हुद्द्यावरचे होते, बायका जास्त होत्या (पगार मात्र इतरांएवढाच, हे मला आवडलं). हे सगळं हिशोबात धरल्यावर संबंध बराच उतरतो. आयक्यू १५ ने जास्त असला तर शाकाहारी असण्याची शक्यता आधी ३८ टक्क्यांनी जास्त दिसत होती, ती २० वर येते. उरतो थोडा, नाही असं नाही.

आणि खरी गंमत आतल्या आकड्यांमध्ये आहे. त्या ३६६ मधले १२३ जण चिकन किंवा मासे खात होते! तरी स्वतःला शाकाहारीच म्हणत होते, आणि त्यांचा आयक्यू कडक शाकाहाऱ्यांएवढाच निघाला. म्हणजे "घरी नाही, बाहेर चालतं" ही जमात फक्त आपल्याकडेच आहे असं वाटत असेल तर तसं नाही. दूधही न घेणारे व्हीगन होते फक्त नऊ, तीन रिक्षांत मावतील एवढे, आणि त्यांची सरासरी ९५ च्या आसपास, सगळ्यात कमी. नऊ माणसांवरून काहीच ठरत नाही हे खरं, पण हा आकडा कोणी फॉरवर्ड करत नाही एवढंच म्हणायचंय.

हा प्रश्न मुळात कोणाच्या डोक्यात आला, ते जास्त इंटरेस्टिंग आहे. १ जून १९३२ ला स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या, शाळेत हजर असलेल्या सगळ्या मुलांची एकाच दिवशी बुद्धिचाचणी घेतली होती, ८७,४९८ मुलं. डीअरी आणि लॉरेन्स व्हॅली यांनी शतकाच्या शेवटी ते जुने निकाल बाहेर काढले, त्यातली कोण अजून हयात आहे ते शोधलं, आणि अकराव्या वर्षी ज्यांचे मार्क चांगले ते जास्त जगले असं २००१ साली छापलं. का जगले? सिगरेट कमी ओढली म्हणून, नोकरी बरी म्हणून, खाणं बरं म्हणून? शाकाहारवाला पेपर ह्या "का"च्या शोधातली एक छोटी पायरी. हुशार लोकांना हृदयविकार कमी होतो त्यात खाण्याचा हात आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. भाजीवाला श्रेष्ठ की मच्छीवाला हा वाद आपण घातला. आणखी एक, हे माझं मत हां, पेपरात नाही: ब्रिटनमध्ये मॅड काऊचा (गाईंच्या मेंदूचा रोग, बीफमधून माणसालाही होऊ शकणारा) हाहाकार मार्च १९९६ मध्ये झाला, तेव्हा ही मुलं पंचविशीत होती, रोज पेपर वाचणाऱ्याने बीफ सोडलं असेल तर नवल काय.

त्या पेपराच्या सुरुवातीला बेंजामिन फ्रँकलिनचं वाक्य दिलंय, मांस सोडल्यावर डोकं स्वच्छ राहतं आणि समज पटकन येते अशा अर्थाचं. या फ्रँकलिनने सोळाव्या वर्षी थॉमस ट्रायन नावाच्या माणसाचं पुस्तक वाचून मांस सोडलं आणि वाचलेल्या पैशांची पुस्तकं घेतली. पुढची गोष्ट मात्र पेपरात नाही. बॉस्टनहून निघालेलं जहाज वारा पडल्यामुळे थांबलं, लोकांनी कॉड मासे पकडले, तळायला घेतले, वास सुटला. फ्रँकलिन बराच वेळ तत्त्व आणि जीभ यांच्यामध्ये लटकला, मग त्याला आठवलं की मासा चिरताना त्याच्या पोटातून छोटे मासे निघाले होते. तुम्ही एकमेकांना खाता, मग मी तुम्हाला का नको खाऊ? आणि बसला जेवायला. वर लिहूनही ठेवलं की माणूस विचारी प्राणी असणं किती सोयीचं, मनात येईल त्याला कारण शोधता येतं. भाऊच्या धक्क्यावर आणून सोडला असता तर रमला असता.

व्हेजिटेरियन सोसायटी ब्रिटनमध्ये निघाली १८४७ साली, रॅम्सगेटला. त्याआधी अशा जेवणाला तिकडे पायथागोरसचा आहार म्हणत. आणि नेमकं त्याच शतकात आपल्याकडे वारं उलटं वाहत होतं. इंग्रज मांस खातो म्हणून पाच हात उंच आहे आणि म्हणून आपल्यावर राज्य करतो, अशा अर्थाच्या कवी नर्मदच्या ओळी गुजराती शाळकरी पोरं म्हणायची. राजकोटला गांधी नावाच्या एका पोराने मित्राच्या नादाने चोरून बकऱ्याचं मटण खाल्लं आणि रात्रभर त्याला पोटात बकरी ओरडतेय असं वाटत राहिलं. १८८८ ला तो लंडनला गेला, मांस न खाण्याच्या आईला दिलेल्या शपथेमुळे अर्धपोटी फिरला, शेवटी फॅरिंगडन स्ट्रीटला शाकाहारी हॉटेल सापडलं, तिथेच हेन्री सॉल्टचं शाकाहाराची बाजू मांडणारं पुस्तक एका शिलिंगला मिळालं. ते वाचल्यापासून आपण स्वतःच्या निवडीने शाकाहारी झालो असं गांधींनी स्वतः लिहिलंय. त्याआधी ते काय होते? शपथेने बांधलेले, घरच्या वळणाने शाकाहारी.

तो ब्रिटिश अभ्यास या "निवडी"वरच उभा आहे. तिथे शंभरातले साडेचार लोक घरचं जेवण सोडून वेगळं खातात, तर ते कोण हा प्रश्न. आपल्याकडे कोण काय खातं हे बहुतेक वेळा आडनावावरून कळतं, अर्ध्या मुंबईत भाड्याची जागा बघायला गेलं की ब्रोकर पहिला प्रश्न तोच विचारतो आणि दुसरा आडनावाचा. २०१४ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात साधारण ४० टक्के लोक शाकाहारी निघाले, राजस्थानात ७५ च्या जवळ, तेलंगणात दीड टक्काही नाही. आता यावरून हैदराबादच्या सगळ्या इंजिनिअरांना ढ म्हणणार का? शिवाय ही पाहणी श्रावणात केली की गटारीच्या आदल्या दिवशी, यावर आमच्या दादरचा आकडा बदलेल. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारा माणूस आठवड्यातून तीन दिवस हुशार असतो असं म्हणावं लागेल.

आणि ही वाटणीही पहिल्यापासून अशीच होती असं नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात मांडलंय की ब्राह्मणही एकेकाळी गोमांस खात होते आणि बौद्धांशी चढाओढीत त्यांनी ते सोडलं. सात्त्विक आहार सात्त्विक बुद्धी म्हणतात तेव्हा गीतेचा सतरावा अध्याय पुढे करतात, म्हणून मी तो उघडून बघितला. रसाळ, स्निग्ध, टिकाऊ ते सात्त्विक, फार तिखट-आंबट-खारट ते राजस, आणि तामस म्हणजे "यातयामं", करून प्रहर उलटून गेलेलं. मांस हा शब्द त्या तीन श्लोकांत नाहीये. पण काकूंनी पहाटे पाचला केलेली आणि काकांनी दुपारी एकला उघडलेली पोळी-भाजी मात्र त्यात चपखल बसते. हे मी टेबलावर बोलले, काकांनी शांतपणे माझ्याकडे लिंबाची फोड सरकवली.

मुंबईचाच हिशोब मांडायचा तर, मुंबई युनिव्हर्सिटीचे पहिले बीए १८६२ चे, चार जण. त्यातले रानडे चित्पावन, म्हणजे वरण-भातवाल्या समाजातले, भांडारकर सारस्वत, ज्या समाजात मासे हे जवळजवळ भाजीच्याच रांगेत बसतात. सी. डी. देशमुख मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप घेऊन गेले, १९१८ साली लंडनला आयसीएसमध्ये पहिले आले, ते सीकेपी, आणि सीकेपींच्या स्वयंपाकघराबद्दल मी वेगळं काय सांगू. रामानुजन दुसऱ्या बाजूला, कडक शाकाहारी, केंब्रिजमध्ये स्वतःचं स्वतः शिजवून खायचे. आइन्स्टाइनचं तर अगदीच साधं आहे, मांस खाताना जरा अपराधी वाटतं असं त्याने १९५३ च्या पत्रात लिहिलं, सोडलं अगदी शेवटी शेवटी, आणि १९५५ ला गेला. रिलेटिव्हिटी मांस खाऊनच झाली.

माझ्या आजीच्या पार्टीचीही बाजू फार भक्कम नाही. १९९५ साली आयेलो आणि व्हीलर यांनी मांडलं की माणसाचे पूर्वज मांसासारखं पचायला सोपं अन्न खायला लागले, आतडं लहान झालं आणि वाचलेली ताकद मेंदूला मिळाली. असेलही, पण ती वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वीची गोष्ट, आजच्या बोंबिलाला तिचं सर्टिफिकेट मिळत नाही. केनियात एम्बू भागातल्या १२ शाळांमध्ये मुलांना गिठेरी नावाच्या तिकडच्या मका-कडधान्याच्या उसळीत कुठे मांस, कुठे दूध, कुठे नुसतं जास्त तेल असं दिलं, तेव्हा मांसवाल्या मुलांचे चाचणीतले मार्क सगळ्यात जास्त वाढले. पण ती मुलं मुळातच कमी पोषणाची होती, नीट जेवणाऱ्या घरातल्या पोराला ते लागू होईलच असं नाही.

म्हणजे गाडी शेवटी रक्तात काय कमी आहे इथे येते, आणि याचं एक टोक आमच्या ऑफिसपासून टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणात भयंकर अॅनिमिया होत होता, तिने परळच्या हाफकिनमध्ये बसून त्यांच्या खाण्याचा अभ्यास केला, त्यांच्यासारखंच जेवण माकडांना देऊन बघितलं, आणि शेवटी उतारा सापडला मार्माइटमध्ये, म्हणजे बिअर बनवून उरलेल्या यीस्टचा तो काळा चिकट अर्क. हे १९३१ ला छापलं तेही ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच. त्या अर्कातली वस्तू पुढे पालकाच्या पानांतून वेगळी काढली, तिचं नाव फोलिक अॅसिड, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला ती कमी पडली तर बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा नीट घडत नाही हे आता सगळ्यांना माहितीये. म्हणजे मेंदूसाठी मुंबईत सापडलेली वस्तू पालेभाजीतली निघाली, काकांना हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी मी बी-१२ काढलं. ते भाजीत नसतं, मांस, मासे, अंडी आणि थोडंफार दुधात. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, ६७ टक्क्यांत बी-१२ कमी, शाकाहाऱ्यांत धोका चौपटीहून जास्त, आणि सगळ्यात वाईट हालत मध्यमवर्गाची. कमी पडलं की मुंग्या येतात, विसरायला होतं. काका म्हणाले, "मला माहितीये गं, माझं दोन वर्षांपूर्वीच कमी निघालंय." खिशातून स्ट्रिप काढून दाखवली. डॉक्टरने आधी कॅप्सूल दिली होती, पण कॅप्सूलचं कवच बहुतेक जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं, हे त्यांनी स्वतः वाचून काढलं आणि केमिस्टकडून गोळी बदलून घेतली. गोळीतलं बी-१२ कारखान्यात जंतूंकडून बनवून घेतात. "जंतू चालतात?" मी विचारलं. "दह्यात काय असतं मग?" काका म्हणाले आणि गोळी तोंडात टाकून वर ताक प्यायले.